गिनेसच्या भट्टीतला 'विद्यार्थी'

बिझनेस अ‍ॅनॅलिटिक्समध्ये मास्टर्स करणारी, किंवा नुकतीच करून बाहेर पडलेली पोरं-पोरी हल्ली बरीच भेटतात. काही आमच्याच हापिसात नव्याने लागलेली, काही ओळखीपाळखीतून फोन करणारी. प्रश्न ठरलेला असतो : "दादा, पहिल्या नोकरीत टिकायला काय काय शिकू?" आणि प्रश्नासोबत यादीही तयार असते. पायथन, एसक्यूएल, पॉवर बीआय, एखादं क्लाउडचं सर्टिफिकेट. यादीच्या अगदी तळाशी, ताटात डावीकडे लोणचं वाढावं तसं, 'सॉफ्ट स्किल्स'. म्हणजे पीपीटीत एका पानावर किती ओळी घालायच्या आणि ईमेलच्या शेवटी 'रिगार्ड्स' लिहायचं की 'थँक्स'.

यादीवर माझं काही म्हणणं नाही, ते सगळं यायलाच हवं. पण हा प्रश्न आला की मला हटकून एक माणूस आठवतो. ही मुलं ज्या पुस्तकांतून शिकतात त्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात तो आहे, फक्त स्वतःच्या नावाने नाही. 'स्टुडंट्स टी-टेस्ट' मधला स्टुडंट. बऱ्याच जणांना वाटतं की ही विद्यार्थ्यांसाठी सोपी करून दिलेली टेस्ट असावी :) तसं नाही. स्टुडंट हे टोपणनाव आहे, विल्यम सीली गॉसेट नावाच्या माणसाचं, आणि हा माणूस आयुष्यभर बियर बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करत होता. (शीर्षकात भट्टी म्हटलंय ते गंमत म्हणून. हातभट्टी डोळ्यापुढे आणू नका, डब्लिनमधली गिनेसची ब्रुअरी तेव्हा जगातल्या सगळ्यात मोठ्या ब्रुअरींपैकी एक होती.)

टी-टेस्टचं गणित जालावर शंभर ठिकाणी मिळेल. मला बोलायचंय ते या माणसाच्या नोकरीच्या पहिल्या आठ-नऊ वर्षांबद्दल. कारण आज ज्याला आपण बिझनेस अ‍ॅनॅलिस्ट म्हणतो ते काम तो करत होता, आणि त्या कामाला तेव्हा नावसुद्धा नव्हतं.

गॉसेटचा जन्म १८७६ चा, कँटरबरीचा. वडील सैन्यात, रॉयल इंजिनियर्समध्ये कर्नल. मुलानेही तिकडेच जायचं असा बेत होता, पण डोळे अधू निघाले आणि ते राहिलं. मग ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात गणित आणि रसायनशास्त्र. गणिताच्या पहिल्या परीक्षेत १८९७ साली पहिला वर्ग, रसायनात १८९९ साली पहिला वर्ग. त्याच वर्षी तो गिनेसमध्ये लागला. गिनेसने १८९० च्या दशकात एक वेगळीच टूम काढली होती : ऑक्सफर्ड-केंब्रिजची विज्ञानाची हुशार पोरं उचलायची आणि त्यांना ब्रुअर म्हणून कामाला लावायचं. तोवर बियर बनवणं हा हाताच्या अंदाजाचा आणि नाकाच्या अनुभवाचा धंदा. हॉप्स चांगले आहेत का, तर चोळून वास घ्या. बार्ली चांगली आहे का, तर दाणा दाताखाली फोडा. आता कंपनी इतकी मोठी झाली होती की प्रत्येक पोत्याला नाक पुरेना. मग मोजमापं सुरू झाली. हॉप्समध्ये राळ किती, बार्लीत नायट्रोजन किती, माल्टमधून साखर किती निघते. आकड्यांचे ढीग जमायला लागले आणि त्या ढिगांचं करायचं काय हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

ओळखीचं वाटतंय ना? डेटा आहे, वेअरहाऊस आहे, रंगीबेरंगी डॅशबोर्ड आहे, आणि मीटिंगमध्ये शेवटी साहेब विचारतात, "मग करायचं काय?"

गॉसेटला इतर ब्रुअरांपेक्षा गणित जरा जास्त येत होतं. बाकीचे त्याच्याकडे आपापल्या अडचणी घेऊन यायला लागले असणार, जसं आपल्याकडे एक्सेल येणाऱ्याकडे सगळा मजला येतो. यातून १९०४ साली त्याने संचालकांसाठी एक अंतर्गत अहवाल लिहिला, ब्रुअरीच्या कामात 'त्रुटींचा नियम' कसा वापरता येईल या विषयावर. वय २८. माझ्या मते हा अहवाल त्या सगळ्या कोर्सेसमध्ये वाचून दाखवायला हवा.

त्यातला एक प्रश्न असा. १६८ पौंडांच्या एका पिंपभर माल्टमधून साखरेचा अर्क साधारण १३३ अंश निघाला पाहिजे. जास्त निघाला तर बियर कडक होते आणि करही वाढतो (ब्रिटनमध्ये १८८० पासून बियरवरचा कर आंबवण्याआधीच्या द्रावणाच्या दाटपणावर लागत असे). कमी निघाला तर गिऱ्हाईकाला फरक कळतो. पण प्रयोगशाळेत तोच माल्ट दोनदा मोजला तर दोन वेगळे आकडे येतात. मग किती वेळा मोजायचं?

पुस्तकी उत्तर काय, तर जितकं जास्त तितकं बरं. गॉसेटने उलटीकडून सुरुवात केली. धंद्याला किती चूक चालते? अर्धा अंश इकडे-तिकडे चालेल. किती खात्री हवी? दहास एक पुरे. मग त्याने तक्ता मांडला. दोन मोजण्यांची सरासरी घेतली तर ती खऱ्या आकड्याच्या अर्ध्या अंशात असण्याची शक्यता चारास एक. तीन घेतल्या तर सातास एक. चार घेतल्या तर बारास एक. पाचाला साडेएकोणीसास एक. ८२ घेतल्या तर जवळजवळ खात्रीच. म्हणजे चार मोजण्या करा आणि थांबा. बियासीव्यांदा मोजणाऱ्या माणसाचा पगार वाचला.

भाषेकडे लक्ष द्या. प्रमाण विचलन, वितरण वगैरे सगळं त्याला येत होतंच, पण साहेबांसमोर त्याने ठेवलं ते 'बारास एक'. डब्लिनचे संचालक म्हणजे घोड्यांच्या शर्यती कळणारे लोक, 'बारास एक' त्यांना न समजावता समजतं. आमच्याकडे नवीन मुलं पहिल्याच सादरीकरणात 'मॉडेलचा एयूसी ०.८१ आहे' असं म्हणतात आणि समोरचे सेल्सचे साहेब मान डोलावून मोबाईल बघायला लागतात. चूक साहेबांची नाही.

याच अहवालात गॉसेटने आणखी एक गोष्ट कबूल केली. ती म्हणजे, किती खात्री झाली की एखादी गोष्ट सिद्ध झाली असं मानायचं, हे आपल्याकडच्या कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही, तेव्हा बाहेरच्या कोणा गणितज्ञाला विचारावं. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाने संचालकांना लेखी कळवणं की मला इथपर्यंत येतं आणि इथून पुढे येत नाही! आपल्याकडे अप्रेझलच्या फॉर्मात असं लिहायची कोणाची छाती आहे?

कंपनीने ते मानलं. विचारायचं कोणाला, तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले कार्ल पिअर्सन, त्या काळातले या विषयातले बाप माणूस. भेट ठरली १२ जुलै १९०५ ला. पिअर्सन सुट्टीसाठी बर्कशायरमध्ये ईस्ट इल्स्ली नावाच्या खेड्यात राहत होते आणि गॉसेट वडिलांच्या घरून वीसेक मैल सायकल मारत तिथे गेला. गंमत म्हणजे रिकाम्या हाताने गेला नाही. आधी पत्राने प्रश्न लिहून पाठवले होते. आणि ते लिहिता लिहिता त्याचा मूळ प्रश्नच बदलला होता. तो लिहितो (आशय माझ्या शब्दांत) : मला आधी वाटलं होतं की अशा कामात सर्वमान्य असा खात्रीचा काहीतरी आकडा असेल. पण आता वाटतं की आमच्यासारख्या कामात किती खात्री हवी हे तीन गोष्टींवर ठरणार. प्रयोगाच्या निष्कर्षाप्रमाणे वागलो तर पैशात फायदा किती, नव्या पद्धतीचा वाढीव खर्च किती, आणि एकेका प्रयोगाला खर्च किती.

हे वाक्य १९०५ चं आहे. वीस वर्षांनी रोनाल्ड फिशर यांचं संशोधकांसाठीचं प्रसिद्ध पुस्तक आलं आणि त्यातून 'विसात एक', म्हणजे आपला ०.०५, जगभर रुळला. फिशरने तो आकडा सोयीचा म्हणून घेतला होता. आज अ‍ॅनॅलिटिक्सच्या मुलांना विचारा, ०.०५ च का? दहातली नऊ म्हणतील, "तसंच असतं सर." वेबसाईटवरच्या बटणाचा रंग बदलायचा असो की कर्ज कोणाला नाकारायचं हे ठरवायचं असो, चाळणी एकच. रंग चुकला तर उद्या परत बदलता येतो, कर्ज नाकारलेल्या माणसाचं काय? गॉसेटला हा फरक नोकरीच्या सहाव्या वर्षी स्वच्छ दिसला होता. मला वाटतं त्याचं कारण हुशारी जेवढं आहे तेवढंच जागाही आहे. तो विद्यापीठात नव्हता, जिथे निर्णय होतात आणि त्याचे पैसे मोजले जातात तिथे होता.

पिअर्सनसोबत ती बैठक झाली अर्ध्या-पाऊण तासाची, आणि तेवढ्यात तेव्हा प्रचलित असलेल्या जवळपास सगळ्या पद्धतींची वाट दिसली असं तो पुढे सांगायचा. अर्ध्या तासात इतकं पदरात पडायला आधीचं घासकाम किती लागतं याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

पुढे १९०६-०७ मध्ये कंपनीने त्याला पिअर्सनच्या प्रयोगशाळेत शिकायला लंडनला पाठवलं. तिथे अडचण आली ती वेगळीच. पिअर्सनचं सगळं शास्त्र मोठ्या नमुन्यांचं. शेकड्यांनी, हजारांनी मोजमापं. गॉसेटकडे चार मोजण्या, किंवा बार्लीची वर्षाला दोन-चार शेतं. बार्लीचं पीक वर्षातून एकदाच येतं, एपीआय कॉल थोडाच आहे पुन्हा मारायला. पिअर्सनना हा प्रश्नच फारसा महत्त्वाचा वाटेना. पुढे १९१२ साली त्यांनी गॉसेटला थट्टेने लिहिलं होतं की इतके छोटे नमुने फक्त वात्रट ब्रुअरच घेतात.

या वात्रट ब्रुअरने काय केलं, तर तीन हजार गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी असलेला एक तयार तक्ता घेतला. एकेक जोडी पुठ्ठ्याच्या एकेका तुकड्यावर लिहिली, तुकडे नीट पिसले, आणि चार-चारचे ७५० गठ्ठे केले. प्रत्येक गठ्ठ्याची सरासरी आणि विचलन हाताने काढलं आणि आपलं सूत्र त्याला जुळतंय का ते पाहिलं. आज आपण ज्याला सिम्युलेशन म्हणतो आणि तीन ओळींत उडवून टाकतो ते हेच. सूत्राची पक्की सिद्धता त्याच्याकडे नव्हती. ती १९१२ मध्ये केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या एका बाविशीतल्या पोराने पाठवली, ते म्हणजे हेच फिशर. गॉसेटला ती नीट समजेना, तर त्याने ती सरळ पिअर्सनकडे धाडली, तुम्हीच बघा म्हणून.

१९०८ साली निबंध छापून आला, 'स्टुडंट' या नावाने. कंपनीचा नियम होता की कर्मचाऱ्याने स्वतःचं नाव, गिनेसचं नाव किंवा बियरचा उल्लेख करायचा नाही, मग छापा काय ते. धंद्याची गुपितं. पुढे त्याच ब्रुअरीतल्या इतरांनीही टोपणनावांनी निबंध लिहिले, एक 'सोफिस्टर', एक 'मॅथेटीस'. आता टोपणनावाने ब्लॉग लिहिणाऱ्यांना हे वाचून बरं वाटायला हरकत नाही.

इथवर गणित तरी होतं. पण गॉसेटच्या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग शेतावरचा आहे. आयर्लंडच्या कृषी खात्यासोबत गिनेसचे बार्लीच्या वाणांचे प्रयोग वर्षानुवर्षं चालू होते. त्यातून 'स्प्रॅट-आर्चर' नावाचा एक संकरित वाण निघाला, सगळीकडे सरस. पण क्लेअर परगण्यातले शेतकरी ऐकेनात. आमची गावरान बार्लीच चांगली, म्हणाले. अडाणी लोक, दुसरं काय! त्यांची चूक त्यांना दाखवून द्यायला खात्याने त्यांच्याच भागात दोन्ही वाण शेजारी शेजारी लावले. गावरान बार्लीच जास्त आली. का, तर तिथली शेती तणाने माजलेली. गावरान वाण सुरुवातीलाच भराभर वाढून तणाला दाबून टाकायचा, आणि सुधारित वाण हळू उठायचा, तोवर तण त्याच्या डोक्यावर. प्रयोगाच्या शेतात तण काढलेलं असतं, त्यामुळे तिथल्या आकड्यांत हे दिसणारच नाही.

ही गोष्ट गॉसेट स्वतः सांगायचा. शेतकऱ्यांच्या बाजूने सांगायचा, हे महत्त्वाचं. 'युजर ऐकत नाही' हे वाक्य मी माझ्या नोकरीत इतक्या वेळा ऐकलंय की क्लेअरच्या शेतकऱ्यांचा फोटो मिळाला तर टेबलावर लावीन.

आणि दुसरी गोष्ट दुधाची. स्कॉटलंडमध्ये लॅनार्कशायर परगण्यात १९३० च्या फेब्रुवारी ते जून या काळात एक प्रचंड प्रयोग झाला. ६७ शाळा, वीस हजार मुलं. दहा हजारांना रोज पाऊण पाइंट दूध, त्यात निम्म्यांना कच्चं आणि निम्म्यांना पाश्चराइज्ड. उरलेल्या दहा हजारांना काही नाही. आधी वजन-उंची, चार महिन्यांनी पुन्हा वजन-उंची. खर्च साडेसात हजार पौंड, त्या काळातले. आज हा प्रयोग झाला तर 'बिग डेटा' म्हणून नाचवतील.

गॉसेटने १९३१ मध्ये त्याची उलटतपासणी केली. मुलांची वाटणी चिठ्ठ्या टाकून किंवा नावाच्या अक्षरानुसार करायची होती. पण शिक्षकांना एक सवलत ठेवलेली : एखाद्या गटात फार धष्टपुष्ट किंवा फार किरकोळ मुलं वाटली तर अदलाबदल करून गट सारखे करा. आता तुम्ही शिक्षक आहात असं समजा. समोर एक हडकुळं, गरिबाघरचं पोर उभं आहे आणि त्याचं नाव 'दूध नाही' या यादीत आहे. तुम्ही काय कराल? तेच त्यांनी केलं. परिणाम असा की दूध न मिळालेली मुलं सुरुवातीलाच जास्त उंच आणि वजनदार निघाली, साधारण तीन-चार महिन्यांच्या वाढीइतकी. आणखी गंमत कपड्यांची. मुलांना कपड्यांसकट तोललं होतं. फेब्रुवारीत अंगावर लोकरीचे जाड कपडे, जूनमध्ये पातळ. ज्याच्याकडे हिवाळ्याचे जाड कपडेच नाहीत त्याच्या वजनातून जूनमध्ये काही वजा होत नाही. म्हणजे गरीब मुलं, जी दूध पिणाऱ्यांत जास्त होती, ती कागदावर आपोआप जास्त वाढली.

कच्चं की पाश्चराइज्ड या वादाचा निकाल या आकड्यांतून लावता येत नाही, असं त्याने दाखवलं. वर सुचवलं की जुळ्यांच्या, एकसारख्या जुळ्यांच्या, पन्नास जोड्या घेतल्या असत्या तर शंभरातल्या एक-दोन टक्के खर्चात याहून भरवशाचं उत्तर मिळालं असतं. यात एकही अवघड सूत्र नाही. आकडा कागदावर उतरला तेव्हा तिथे कोण उभं होतं, त्याच्या मनात काय होतं, एवढंच त्याने विचारलं. नव्या अ‍ॅनॅलिस्टला मी आता एवढं एकच काम देतो : पहिल्या महिन्यात एक दिवस जिथे तुझा डेटा जन्माला येतो तिथे जाऊन बस. कॉल सेंटर असेल तर कॉल सेंटर, गोदाम असेल तर गोदाम. 'कॅन्सल होण्याचं कारण' या रकान्यात 'इतर' सगळ्यात जास्त का येतं, हे तिथे पाच मिनिटांत कळतं. यादीत तो पर्याय सगळ्यात वर असतो.

आता थोडं आपल्याकडचं. गॉसेटने हयात असताना ज्या युनिव्हर्सिटी कॉलेजशी नातं ठेवलं, तिथेच १९३३ ते ३६ या काळात सातारा जिल्ह्यातल्या बुधचा एक तरुण शिकत होता. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन गेलेला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. परत आल्यावर १९४० च्या दशकात त्यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या उत्पन्नाच्या अंदाजाचं काम हाती घेतलं. तोवर आपल्याकडे आणेवारीचा कारभार. पीक किती आण्यांचं, हे नजरेने ठरायचं, आणि त्या नजरेवर सारामाफी अवलंबून. सुखात्म्यांनी चिठ्ठी टाकल्यासारखं शेत निवडायचं, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापून तोलायचं, अशी पद्धत देशभर उभी केली.

त्यात दोन निर्णय मला गॉसेटच्या घराण्याचे वाटतात. एक म्हणजे यासाठी वेगळी फौज न नेमता हे काम महसूल आणि शेती खात्याच्या गावातल्याच माणसांकडून करून घेणं, म्हणजे ते वर्षानुवर्षं चालेल. दुसरा तुकड्याच्या मापाचा. तुकडा लहान घेतला तर काम स्वस्त होतं, पण सुखात्म्यांनी दाखवलं की लहान तुकड्यात उत्पन्न फुगून येतं. कारण? कापणारा माणूस काठावरची रोपं आत धरतो. लहान तुकड्याला त्याच्या आकाराच्या मानाने काठ जास्त, म्हणून चूकही जास्त. सूत्रांइतकंच इथेही विळा धरलेल्या हाताकडे बघितलेलं आहे. यावरून त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी चांगलाच वाद रंगला, कारण लहान तुकडे आणि स्वतंत्र कर्मचारी ही महालनोबिसांची बाजू.

गॉसेटला यातलं काही बघायला मिळालं नाही. १९३५ मध्ये गिनेसने लंडनला पार्क रॉयलमध्ये नवी ब्रुअरी काढली तेव्हा तो तिकडे गेला आणि १६ ऑक्टोबर १९३७ ला वयाच्या ६१ व्या वर्षी हृदयविकाराने वारला. त्याच वर्षी पिअर्सनच्या मुलाला, एगॉनला, लिहिलेल्या पत्रात तो अजून तेच म्हणत होता, की प्रयोगातली खरी चूक कमी असणं महत्त्वाचं, एका ठिकाणी निकाल 'सिग्निफिकंट' आला याला स्वतंत्रपणे जवळजवळ काही किंमत नाही.

सुखात्मे-महालनोबिस वादात दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे, आणि आजही पीक विम्याची भरपाई ठरवताना गावोगाव पीक कापणी प्रयोग होतात, त्यामुळे तो विषय जुना झालेला नाही. त्यावर सवडीने एखाद्या शनिवारी लिहीन.